शाळेतला टी.व्ही. कुलपात की लेकरांसमोर?

कास्तकार बंधूंनो, सरपंच, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, आज पऱ्हाटी-तुरीचं बोलणं बाजूला ठेवू आणि शाळेचं बोलू. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत टी.व्ही., प्रोजेक्टर, संगणक किंवा टॅब यापैकी काही आहे काय? असेल तर तो शेवटी कधी सुरू झाला होता? सुरू झाला तेव्हा लेकरं त्यातून काही शिकली, की पाहुणे आले म्हणून फक्त बटन दाबलं गेलं? या प्रश्नांची उत्तरं गावातल्या किती जणांना देता येतील? ट्रॅक्टरचं तेल कधी बदललं हे आपल्याला तोंडपाठ असते. शाळेतल्या यंत्राचं मात्र आपण विचारत नाही. ते यंत्र पुष्कळदा आपल्याच वर्गणीतून, नाहीतर आपल्याच ग्रामपंचायतीच्या पैशातून आलेलं असते.

खोली करून शिकवणं परवडते कोणाला?

यात अडकलेली गोष्ट लहान नाही. अकोल्यात जठारपेठ, रामदासपेठ, रणपिसेनगर या भागात खोली करून लेकराला शिकवायला ठेवणं हे आजूबाजूच्या तालुक्यातल्या घरांना नवीन राहिलेलं नाही. ज्याला परवडते तो ठेवतो. खोलीचं भाडं, डबा, शिकवणीची फी हे सगळं सोयाबीन-कपाशीच्या पैशातून निघते. ज्याला तेवढं झेपत नाही तो निदान कॉन्व्हेंटच्या गाडीत तरी लेकरू बसवतो. गाडी गावातून पोरं घेऊन जाते आणि गावच्या शाळेचा पट दरवर्षी दोन-चारने घसरतो. पट घसरला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की उरलेले पालकही बिचकतात. या चक्रात शेवटी कोण मागे राहते? मजुराचं लेकरू, दोन एकरवाल्याचं लेकरू, आणि बरेचदा घरातली पोरगी. भावाला कॉन्व्हेंट आणि बहिणीला जिल्हा परिषद, असा हिशेब करणारी घरं आपल्याला माहीत नाहीत काय?

म्हणून शाळेतल्या टी.व्ही.-संगणकाचा विषय हौसेचा नाही. शहरातल्या लेकराला जे पाहायला, ऐकायला, विचारायला मिळते ते गावातल्या लेकराला गावातच मिळू शकते काय, हा खरा सवाल आहे. उत्तर ‘हो’ असं आहे. पण त्या ‘हो’ला अटी आहेत.

कुलपाची गोष्ट जुनी आहे

यंत्रातून शिक्षण ही कल्पना आजची नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टी.व्ही.वरून कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. शेती, आरोग्य आणि शाळेतल्या मुलांसाठी धडे असं त्याचं स्वरूप होतं. पुढे पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. मराठीतून शाळेचे कार्यक्रम तयार करणारी ती संस्था. आज पन्नाशीच्या आत-बाहेर असलेल्यांना तिचं नाव नक्की आठवेल. २०१७ मध्ये ती बंद पडली. १९८४ सालीच केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पातून देशातल्या निवडक माध्यमिक शाळांत विलायती बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले. कार्यक्रम इंग्रजीत, शिक्षकांचं प्रशिक्षण तुटपुंजं, दुरुस्ती करणारा दूर. व्हायचं तेच झालं.

१९८७ च्या ‘खडू-फळा’ मोहिमेत शाळांना साहित्याच्या पेट्या मिळाल्या, तेव्हाही अनेक ठिकाणी हीच तऱ्हा झाली. साहित्य हरवलं किंवा मोडलं तर जबाबदार कोण, या भीतीने पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. नोंदवहीत वस्तू शाबूत राहिली, लेकरांच्या हाताला मात्र लागली नाही. आज कपाटाच्या जागी ‘डिजिटल खोली’ आली एवढाच फरक. तेव्हा मास्तरांना दोष देण्याआधी एक लक्षात घ्या. वस्तू वापरून बिघडली तर विचारणा होते आणि न वापरता सडली तर कोणी विचारत नाही, अशी रीत असेल तर शहाणा माणूस कुलूपच लावणार.

हरिसालने काय शिकवलं?

लांब जायची गरज नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात धारणी तालुक्यात हरिसाल नावाचं गाव आहे. परतवाड्याहून धारणीकडे जाताना लागते. २०१५-१६ च्या सुमारास राज्य सरकारने मायक्रोसॉफ्ट कंपनीला सोबत घेऊन हे गाव निवडलं आणि देशातलं पहिलं ‘डिजिटल गाव’ म्हणून त्याचं नाव गाजलं. टी.व्ही.च्या प्रक्षेपणात रिकाम्या राहणाऱ्या लहरींवरून इंटरनेट पोचवायचं, दवाखान्यात दूरच्या डॉक्टरचा सल्ला मिळवून द्यायचा, शाळेत ई-लर्निंग सुरू करायचं, असा तो आराखडा होता. कल्पना वाईट मुळीच नव्हती. डोंगराळ मुलखात तार टाकणं कठीण, म्हणून वेगळा मार्ग शोधला होता.

पण २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात या गावातल्या सोयी खरोखर चालू आहेत की नाहीत, यावरून राज्यभर वाद झाला. राजकारण ज्याचं त्याच्यापाशी राहू द्या. कास्तकाराने यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. विहीर खोदली म्हणजे ओलित झालं असं होत नाही. मोटर, वीज, पाइप आणि रात्री-बेरात्री पाणी द्यायला उठणारा माणूस, हे सगळं जुळलं तरच वावर भिजते. उद्घाटनाचा दिवस एकच असतो, पण शाळा वर्षात दोनशेच्या वर दिवस भरते. त्या दोनशे दिवसांची सोय कोणी लावली, हे पाहिल्याशिवाय गावाला ‘डिजिटल’ म्हणू नये.

मेळघाटातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिथल्या कित्येक लेकरांच्या घरात कोरकू बोलली जाते. पडद्यावर शहरी पुस्तकी मराठी धडाधड सुरू झाली तर त्या लेकराला चित्र दिसते, अर्थ लागत नाही. आपल्या वऱ्हाडातही ‘मले, तुले’ बोलणाऱ्या लेकराला काही प्रमाणात हेच होते. यंत्राला लेकराची बोली कळत नाही, ती मास्तरालाच कळते. म्हणून मास्तर वजा करून यंत्र चालत नाही.

परितेवाडीने काय केलं?

आता दुसरं उदाहरण पाहा. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत २००९ मध्ये रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले. गोठा आणि गोदाम यांच्यामधली पडकी इमारत, मुलींची हजेरी नावालाच. मुलांच्या घरची भाषा कन्नड, पुस्तकं मात्र दुसऱ्या भाषेत. डिसले गुरुजींनी आधी मुलांची भाषा शिकून घेतली आणि पुस्तकातला मजकूर त्यांच्या भाषेत आणला. मग पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड लावले. क्यूआर कोड म्हणजे किराणा दुकानात पैसे द्यायला आपण मोबाईल धरतो तो काळा-पांढरा चौकोन. त्यावर मोबाईल धरला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा, गृहपाठ मिळायचा. २०१७ मध्ये राज्य सरकारने ही पद्धत सगळ्या इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत आणण्याचं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

हरिसाल आणि परितेवाडी यांत फरक काय? पहिल्या ठिकाणी यंत्र आधी आलं आणि गरज नंतर शोधली गेली. दुसऱ्या ठिकाणी गरज आधी दिसली, की लेकराला पुस्तकाची भाषा कळत नाही, आणि तिच्यासाठी यंत्र शोधलं. खर्च म्हणाल तर क्यूआर कोडला कागदाचा एक तुकडा आणि घरातला मोबाईल पुरतो.

तोच सुमार होता जेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचं नाव राज्यभर झालं. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि गावोगाव लोकवर्गणीतून डिजिटल खोल्या उभ्या राहिल्या. कोणी टी.व्ही. दिला, कोणी रंगकाम करून दिलं, कोणी बापाच्या तेरवीचा खर्च आवरून शाळेला पैसे दिले. ही वऱ्हाडी दानत खरीच कौतुकाची. पण त्या खोल्यांना आता दहा वर्षं होत आली. दिलेल्या वस्तूची पुढची काळजी कोण घेणार, हे बहुतेक ठिकाणी कोणी ठरवलंच नव्हतं.

पडदा कुठे कामाचा, कुठे नाही?

प्रत्येक धड्याला पडदा लागत नाही. फवारणीचं औषध सगळ्या पिकाला एकच नसते, तसंच हे आहे. जे वर्गात आणता येत नाही ते पडद्यावर दाखवावं. समुद्र, ज्वालामुखी, धडधडणारं हृदय, ग्रहण कसं लागते, धरणातून वीज कशी होते. लोणारचं सरोवर आकाशातून कसं गोल दिसते हे नकाशावर पाहिलं की उल्का पडल्याची गोष्ट लेकराच्या डोक्यात पक्की बसते. इंग्रजी शब्दांचे उच्चारही ऐकूनच येतात, तिथे यंत्र उपयोगी पडते.

पण जे वर्गात आणता येते त्यासाठी पडदा लावू नये. बेरीज-वजाबाकी चिंचोक्यांनी आणि काड्यांनीच शिकावी. अक्षर पाटीवर, वहीवर गिरवूनच वळणदार होते. कपाशीचं फूल पडद्यावर कशाला, धुऱ्यावरून आणा ना! बी कसं उगवते हे कुंडीत लावून पाहिलेलं लेकरू जन्मभर विसरत नाही.

दाखवण्याचीही एक रीत आहे. पाऊण तास चित्रफीत लावून मास्तर कार्यालयात गेले तर तो सिनेमा झाला. पाच मिनिटं दाखवावं, थांबवावं, विचारावं: ‘आता पुढं काय होईल?’ लेकरांना अंदाज करू द्यावा, मग पुढचं दाखवावं. शेवटी पडदा बंद करून प्रत्येकाने दोन ओळी लिहाव्या किंवा चित्र काढावं. शेताच्या बांधावरचं प्रात्यक्षिक असंच असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘आमची माती, आमची माणसं’ आपण वर्षानुवर्षं पाहिलं, पण पंप पाठीवर घेतल्याशिवाय फवारणी आली काय?

दोन शिक्षकी शाळेत मात्र पडद्याचा एक मोठा फायदा आहे. चार वर्ग आणि दोन मास्तर, म्हणजे एका वेळी दोन वर्ग बिनमास्तरचे. अशा वेळी एका वर्गाला नेमका धडा आणि त्यावरचे प्रश्न लावून देता येतात, तोवर दुसऱ्या वर्गाला हाताखाली घेता येते. वरच्या वर्गातली पोरगी खालच्या वर्गाची प्रमुख होऊ शकते. लहान गावच्या लहान शाळेला हा उपयोग शहरातल्या भरल्या शाळेपेक्षा जास्त आहे.

साहित्य विकत घेण्याची घाई करू नका. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ ॲप २०१७ पासून आहे आणि बालभारतीच्या पुस्तकातल्या कोडवरून त्यावरचे धडे फुकट मिळतात. बालभारतीची पुस्तकंही संगणकावर फुकट उतरवता येतात. विज्ञान-गणितासाठी ‘फेट’ नावाचे खेळ-प्रयोग आहेत, त्यातले पुष्कळ मराठीत आहेत. गावात रेंज नसेल तर जिथे रेंज आहे तिथे जाऊन हे उतरवून पेनड्राइव्हवर आणता येते. कोणी गोड बोलून महागडं सॉफ्टवेअर गळ्यात मारत असेल तर आधी विचारा, ‘बापा, हे फुकट मिळते त्याच्यापेक्षा यात वेगळं काय हाय?’

लाईन, धूळ आणि उंदीर

आपल्या भागात यंत्राचे शत्रू ठरलेले आहेत. पहिला शत्रू लाईन. भर वर्गात लाईन गेली की धडा गेला, आणि दाब कमी-जास्त झाला की यंत्र गेलं. वीजबिल थकलं म्हणून शाळेची लाईन कापली जाते, हेही आपण पाहिलं आहे. बिल भरायचं कुठून, सादिलमधून की मुख्याध्यापकांच्या खिशातून, हा वाद दर महिन्याला नको. ग्रामपंचायतीने वर्षाच्या सुरुवातीलाच याची तजवीज करावी. छतावर सौर पाट्या बसवता आल्या तर उत्तम. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. उन्हामुळेच तर विदर्भातल्या शाळा बाकीच्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात. पण पाट्या धुवायच्या कोणी आणि बॅटरीत पाणी टाकायचं कोणी, हे नाव घालून ठरवा.

दुसरा शत्रू धूळ आणि ऊन. प्रोजेक्टरची जाळी धुळीने बुजली की आतला दिवा तापून जातो. आठवड्यातून एकदा जाळी पुसली तर यंत्राचं आयुष्य वाढते. टिनाच्या खोलीत मे महिन्यात यंत्र ठेवू नका. तिसरा शत्रू उंदीर. उन्हाळ्याच्या सुटीत खोली बंद, आणि जूनमध्ये उघडावी तर वायरी कुरतडलेल्या. सुटी लागताना वायरी काढून पेटीत ठेवा आणि महिन्यातून एकदा यंत्र चालवून पाहा. खरेदीच्या वेळी हमी किती वर्षांची आणि दुरुस्तीला माणूस अकोल्यातून येणार की मुंबईतून, हे लिहून घ्या.

केरळने यात चांगला पायंडा पाडला आहे. तिथे आठवी ते बारावीचे ४५,००० वर्ग आधुनिक साधनांनी सज्ज करण्यात आले. सोबत ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची मंडळं तयार केली. यंत्राची देखभाल, किरकोळ बिघाड, नवीन शिकणं ही कामं ती मुलं-मुली करतात. आपल्या गावात ट्रॅक्टर, मोटर, मोबाईल खोलून जोडणारी पोट्टी काय कमी आहेत? त्यांना शाळेच्या यंत्राची जबाबदारी द्या, बघा कसं चालते!

नुसतं वाटप केलं तर काय होते, तेही जगाने पाहिलं आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने शाळकरी मुलांना दहा लाखांवर लॅपटॉप वाटले, पण शिकवण्याची पद्धत बदलली नाही. म्हणून शिक्षणात सुधारणा दिसली नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालातही हे उदाहरण दिलेलं आहे.

मास्तरांचा वेळ कुठे जातो?

शाळेत संगणक आहे, इंटरनेटही आहे, पण तो कार्यालयात आहे आणि त्यावर सरल, यू-डायस, पोषण आहार यांची माहिती भरली जात आहे. हे चित्र खोटं आहे काय? २०१५ पासून ‘सरल’ आलं आणि माहितीचं काम वाढतच गेलं. गावात रेंज नसली तर मास्तर तालुक्याला जाऊन माहिती भरतात, त्या दिवशी वर्ग वाऱ्यावर. लेकरांसाठी आलेलं यंत्र कारकुनीला लागलं, ही तक्रार शिक्षकांनी करायची आणि गावाने ऐकून सोडून द्यायची, असं नको. ग्रामपंचायतीत संगणक आहे, तो चालवणारा माणूस आहे. भारतनेटची तार अनेक ग्रामपंचायतींपर्यंत आली आहे, तिथून शाळा पुष्कळदा हाकेच्या अंतरावर असते. माहिती भरायला ग्रामपंचायतीने हात दिला तर मास्तरांचे दोन तास वर्गाला मिळतील. याला पैसा लागत नाही, फक्त मनाची तयारी लागते.

घरातला मोबाईल

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. घरात एकच मोबाईल, तोही बापासोबत वावरात. दोन लेकरं, एक फोन, रिचार्ज संपलेला. त्या दिवसांत ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर लागली आणि नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ ऐकवली गेली. ज्या घरात मोठा मोबाईल नव्हता तिथे जुना रेडिओ आणि टी.व्ही. कामाला आले. नवं ते सगळं चांगलं आणि जुनं ते टाकाऊ, असं नसते.

आता मोबाईल घरोघर आला. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार देशातल्या ग्रामीण भागात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांवर मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के होती, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. म्हणजे हत्यार हातात आलं, धार कुठे लावायची ते शिकवायचं राहिलं. ‘पोरगं मोबाईलवर अभ्यास करते’ असं मानून बाप निवांत बसला तर फसगत ठरलेली. रोज संध्याकाळी लेकराला एवढंच म्हणा: ‘आज काय पाहिलं, मले सांग.’ तुम्ही अडाणी असा की शिकलेले, एवढं विचारता येते. सांगता आलं तर लेकरू शिकलं.

ग्रामसभेत हे विचारा

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे चाव्या तुमच्याच हातात आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या चार ग्रामसभांपैकी पुढची जी येईल तिच्यात रस्ते-नाल्यांच्या जोडीला हे पाच प्रश्न ठेवा.

एक, शाळेत कोणती यंत्रं आहेत आणि त्यातली चालू किती?

दोन, मागच्या महिन्यात ती कोणत्या वर्गासाठी, कोणत्या धड्यासाठी आणि किती वेळा वापरली? त्यासाठी साधी वही ठेवली आहे काय?

तीन, वीजबिल आणि दुरुस्ती यांची तरतूद ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात आहे काय?

चार, वापरताना यंत्र बिघडलं तर मास्तरांवर ठपका येणार नाही, असा ठराव समितीने केला आहे काय?

पाच, मुलींना यंत्र हाताळायला मुलांएवढंच मिळते काय, की त्या मागच्या रांगेत बसून नुसत्या पाहतात?

मास्तरांना जाब विचारण्यासाठी हे प्रश्न नाहीत, त्यांच्या पाठीशी उभं राहण्यासाठी आहेत. चौथा ठराव झाला की अनेक खोल्यांची कुलपं आपोआप उघडतील. आणि यंत्र नसेलच, तर आधी मास्तरांसोबत बसून लेकरांचं अडते कुठे ते ठरवा. वाचन अडते की गणित, इंग्रजी अडते की हजेरीच नाही? मग त्यापुरतंच घ्या. जमीन पाहून बियाणं निवडणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

राजेहो, सगळ्यांनाच काही जठारपेठेत खोली करता येणार नाही. ज्यांना येणार नाही त्यांच्या लेकरांसाठी गावची शाळा हीच शाळा आहे. तिच्या त्या बंद खोलीची चावी कोणापाशी आहे, एवढं तरी उद्या सकाळी जाऊन विचारा.